टिकटिक करणारी जाऊ

बुटांच्या मांडणीवर, खालून दुसऱ्या फळीवर, एका उंच टाचेच्या चपलेला टेकून जो चपटा, जड डबा पडलाय ना, ती मी. हार्ड डिस्क बोलतेय. माझ्या पोटात आता काहीही उरलेलं नाही, एक अक्षरसुद्धा नाही. पण बोलायची सवय जन्माची आहे, ती थोडीच सुटणार?

माझा जन्म एका थंडगार कारखान्यात झाला. तिथली माणसं नखशिखांत पांढरे कपडे घालून वावरायची आणि धुळीचा एक कण दिसला तरी त्यांना घाम फुटायचा. माझ्या पोटात गुळगुळीत चकत्या बसवल्या, त्यांच्यावरून फिरायला एक बारीक हात बसवला आणि झाकण घट्ट आवळून टाकलं. पुढची सगळी भानगड त्या हातामुळे झाली. तो जागचा हलला की टिक करतो, परत आला की टिक करतो, आणि कामाची घाई असली की विचारूच नका. तपासणीच्या टेबलावर मला पहिल्यांदा चालू केलं, तेव्हा तिथल्या बाईने कान देऊन ऐकलं आणि शेजारणीला म्हणाली, "ही जरा बोलकी आहे. बाकी तब्येत ठणठणीत."

हे वाक्य कुणीतरी माझ्या पाठीवर छापायला हवं होतं. पुढचा बराच मनस्ताप वाचला असता.

दुकानातून मला एका घरच्या सूनबाईने घेतलं. ती एका कंपनीत मोठमोठे सर्व्हर सांभाळायची, त्यामुळे दुकानदाराची डाळ तिच्यापुढे शिजेना. तो म्हणाला, "ताई, ह्याच कंपनीच्या दोन घ्या, जोडी शोभून दिसेल." ती म्हणाली, "सारख्या दोन नकोत. एका दिवशी जन्मलेल्या दोघी एकाच दिवशी आजारी पडायच्या. दुसरी वेगळ्या कंपनीची द्या." म्हणून माझ्याबरोबर त्या पिशवीत आणखी एक डिस्क आली. दिसायला देखणी, वागायला शांत, तोंडातून ब्र नाही. मी वाटेत दोनतीनदा विषय काढून पाहिला, पण तिने दाद दिली नाही.

आम्ही ज्या घरी आलो, तिथे वरच्या मजल्यावर राहणं होतं आणि खाली स्टुडिओ. तोही कसला, तर पडद्यामागचे आवाज करायचा. चित्रपटात नायिका जिना उतरते तेव्हा जी पावलं तुम्हाला ऐकू येतात, ती तिची नसतात. नंतर अंधाऱ्या खोलीत पडद्याकडे बघत कुणीतरी ती पावलं पुन्हा वाजवतं. या घरात तो उद्योग काका करायचे. त्यांच्या खोलीत भिंत नसलेले दरवाजे उभे होते, खडीने भरलेले ट्रे होते, जुन्या कातडी पिशव्या होत्या. काकांनी कोबी पिळला की पडद्यावर हाड मोडायचं, आणि पिशवी दाबली की घोड्याचं खोगीर करकरायचं. कामाचा कोबी रात्री भाजीत जायचा, त्यामुळे कुठल्या चित्रपटात किती मारामारी आहे हे घरादाराला जेवणाच्या ताटावरून कळायचं.

पावलं मात्र काकूंची. नायिका, खलनायिका, परिचारिका, राणी, चोरीछुपे घर सोडून जाणारी मुलगी, सगळ्या काकूंच्या पायांनी चालायच्या. नुसती चाल ऐकून बाई रागावली आहे की लाजली आहे हे कळावं, अशी त्यांची चाल. काका तोंडावर कधी कौतुक करायचे नाहीत. फक्त रेकॉर्डिंग संपलं की दिवा लावून म्हणायचे, "हं. चालेल." त्या घरात याला शाबासकी म्हणत.

काकांचा मुलगा मायक्रोफोन आणि मशीन सांभाळायचा. काका त्याला चिरंजीव म्हणायचे, आणि ते ऐकून त्याला नेमकं काय चुकलं असेल याचा अंदाज यायचा. सूनबाई ही त्याचीच बायको.

तिने लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालणारं एक साधं मशीन जुळवलं, आम्हा दोघींना शेजारच्या खणांत बसवलं आणि घरचा नियम घालून दिला. जे एकीवर लिहिलं जाईल, तेच त्याच वेळी दुसरीवरही लिहायचं. एक आडवी झाली तरी दुसरीने घर चालवायचं. याला ती रेड म्हणायची. त्यासाठी वेगळं यंत्र नव्हतं, लिनक्सच आमच्यावर लक्ष ठेवायचं. एका घरात आलेल्या, वेगवेगळ्या माहेरच्या, एकच काम वाटून न घेता दोघींनी पूर्ण करणाऱ्या अशा आम्ही जावा झालो.

आमच्या जोडीच्या वर तिने आणखी एक व्यवस्था रचली, तिचं नाव एलव्हीएम, म्हणजे आमच्यावरच्या जागेच्या खोल्या पाडायची सोय. ती काकांना काही केल्या पटेना.

"खोल्याच पाडायच्या आहेत ना? मग सरळ डिस्कवर पाड," काका म्हणाले.

"तशा पाडल्या की पक्क्या विटांच्या होतात, बाबा. एक खोली भरून वाहिली आणि शेजारी मोकळी जागा असली, तरी हात चोळत बसावं लागतं. ह्या भिंती सरकतात."

"सरकत्या भिंतींचं घर टिकतं का?"

"टिकवायला खाली जोडी आहे ना. आधी या दोघींची जोडी. त्यांच्यावर एक मोकळं अंगण. त्या अंगणात आपल्या खोल्या. वर राहणाऱ्याला खाली कोण आहे याच्याशी देणंघेणं नाही."

तिने तीन खोल्या आखल्या. एक चालू कामाची, एक आवाजांच्या संग्रहाची, एक घरच्या सटरफटर गोष्टींची. वर थोडी जागा तशीच मोकळी सोडली. एवढी जागा वाया घालवली म्हणून काकांनी नाक मुरडलं. मग एका युद्धपटाच्या कामात ऐन तोफा उडत असताना चालू कामाची खोली भरली. काका म्हणाले चिरंजीवाने पसारा केलाय, चिरंजीव म्हणाला तोफा तुम्ही मागितल्यात, आणि बापलेकांची जुंपली. सूनबाईने चहाचा कप न ठेवता एका हाताने दोन ओळी टाइप केल्या. मोकळ्या जागेतला तुकडा त्या खोलीला जोडला गेला. काम थांबलं नाही, मशीन बंद केलं नाही. बापलेक भांडतच होते आणि त्यांची जागा वाढून गेलेली होती. मला तर हसूच आलं, म्हणजे टिकटिक वाढली.

आता काकांच्या कानांविषयी सांगायला हवं. त्यांचा सगळा जन्म आवाजात गेला, म्हणून नको त्या आवाजाचा त्यांना भारी तिटकारा. आमचं मशीन रेकॉर्डिंगच्या खोलीबाहेर कपाटात होतं, तरी पंख्याची घरघर आणि माझी टिकटिक मायक्रोफोनमध्ये येते अशी त्यांची तक्रार. सूनबाई नसली की ते मशीनभोवती रजई गुंडाळायचे आणि कपाटाचं दार लावून घ्यायचे. सूनबाई आली की रजई गुपचूप पलंगावर जायची. आम्ही आत घामाघूम. मी कुरकुर तरी करायचे. जाऊ मूग गिळून गप्प.

अशात काकूंचा गुडघा त्रास द्यायला लागला. शस्त्रक्रिया ठरली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुखणं जाईल, पण चाल पूर्वीसारखी राहीलच असं नाही. काकूंनी ते घरी येऊन सांगितलं आणि लगेच वाटाणे सोलायला घेतले. संध्याकाळी काकांनी मांडणीवरचे सगळे बायकी बूट खाली काढले, पुसले आणि रांगेत मांडले.

"जाण्याआधी एकदा चालून घे," ते म्हणाले. "सगळं. लाकडावर, फरशीवर, खडीवर. जिना चढताना, उतरताना. अनवाणीसुद्धा."

"गुडघा दुखतोय हो."

"म्हणूनच. दमलीस की बसत जा."

ज्या दिवशी हे ठरलं होतं, त्या दिवशी सूनबाई कामासाठी परगावी होती. काकांनी पलंगावरच्या दोन्ही रजया आणल्या आणि मशीन अगदी बाळासारखं लपेटलं. पूर्ण शांतता हवी होती त्यांना. काकू चालायला लागल्या. दिवसभर त्या बसत, उठत, बूट बदलत चालल्या. सुरुवातीच्या जोड्याचं, लाकडावरचं चालणं लिहिताना शेजारच्या खणातून एक बारीक सुस्कारा ऐकू आला आणि जाऊ थांबली. तक्रार नाही, निरोप नाही. उकाडा सोसेना आणि बाई गेल्या. लिनक्सने तिचं नाव जोडीतून बाजूला काढलं, सूनबाईला एक ईमेल टाकलं आणि पुढचं सगळं चालणं माझ्या एकटीच्या हवाली केलं.

एवढं कधी घाबरले नव्हते मी. काकूंचं पाऊल पाऊल जपून लिहिलं. एखादं निसटलं तर दुसरीकडे बघायची सोय नव्हती. शेवटी त्या अनवाणी, हळूहळू दारापर्यंत गेल्या आणि दार उघडून थांबल्या. काकांनी दिवा लावला. "हं," म्हणाले, पण पुढचं "चालेल" त्यांच्या तोंडून निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी काकू रुग्णालयात भरती झाल्या, चिरंजीव त्यांच्यापाशी राहिला. प्रवासात अडकलेल्या सूनबाईने तेव्हा कुठे ईमेल पाहिलं आणि काकांना फोन केला. "बाबा, एक डिस्क गेली आहे. दुसरीवर चालू आहे, काळजी नको. पण मशीनला हात लावू नका. मी येते आणि नंबर बघून काढते."

हात लावू नका असं सांगितलं की माणसाच्या हाताला खाज सुटते. काकांनी विचार केला, पोर दमून येणार, त्यापेक्षा आपण बिघडलेली काढून ठेवावी. नंबर कशाला हवा? कान आहेत की. त्यांनी रजया सोडल्या, खाली बसले आणि आमच्या खणांना कान लावला. जावेकडून काही आवाज नाही. माझ्याकडून टिक, टिक, टिक.

"तूच होय गं," ते मला म्हणाले, "किती कण्हतेस."

आणि मशीन चालू असताना त्यांनी मला खेचून बाहेर काढलं.

माझी काय अवस्था झाली असेल कल्पना करा. जी मेली ती शांत म्हणून निरोगी ठरली, आणि मी धडधाकट, बोलते म्हणून आजारी. पडद्यावर लाल अक्षरांच्या ओळी धावायला लागल्या. अंगण गेलं, खोल्या गेल्या, चालू काम गेलं, संग्रह गेला. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. मला तळहातावर घेऊन त्यांनी फोन लावला.

"सूनबाई, मी एक डिस्क काढली."

पलीकडून ती अगदी शांतपणे म्हणाली, "कुठली?"

"आवाज करणारी."

"बाबा, नीट ऐका. मशीन बंद करा आणि मी येईपर्यंत चालू करू नका. आतली डिस्क थंड होऊन जागी झाली, तर ती म्हणेल माझ्याजवळचंच खरं. मग तुमच्या हातातली परत घातली, तर तिचं जुनं हिच्यावर उतरेल आणि हिचं नवं पुसलं जाईल. आतली बंद पडल्यानंतर काय रेकॉर्ड केलंत?"

"तुझ्या सासूचं चालणं."

"बाहेरच्या डिस्कवर नक्कल काढली होती?"

"ती तू काढतेस ना."

"मग ती हातातली गादीवर ठेवा. तिला हलवू नका, आणि रजई घालू नका."

तिला रजयांचं ठाऊक होतं तर. काकांनी मला काकूंच्या उशीवर ठेवलं आणि समोर खुर्ची टाकून बसले. थोड्या वेळाने रुग्णालयातून काकूंचा फोन आला. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली होती, पण आवाज झोपाळलेला होता. इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांनी विचारलं, "माझं चालणं नीट आलंय ना हो?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "आलंय," ते म्हणाले. "माझ्यासमोरच आहे."

फोन ठेवल्यावर ते रडले. मी एकटीच साक्षीदार, आणि तेव्हा मला वीज नव्हती, म्हणून एकदाही टिक करता आलं नाही. फार वाईट वाटलं.

सूनबाई सकाळची गाडी पकडून आली. हातपाय धुतले आणि थेट कपाटापाशी बसली. आमच्या प्रत्येकीच्या पोटात एक मोजणी असते, काही नवं लिहिलं की ती पुढे सरकते. थंड झालेल्या जावेला तेवढ्यापुरती जाग आली, तेव्हा सूनबाईने आमच्या दोघींच्या मोजण्या शेजारी मांडल्या. जावेची जिथे थांबली होती, तिच्या कितीतरी पुढे माझी गेलेली होती. "ही खरी," सूनबाई म्हणाली आणि माझ्या एकटीच्या भरवशावर मशीन उठवलं. अंगण आलं, खोल्या आल्या, आणि खोलीत काकूंची अनवाणी पावलं चालत दारापर्यंत गेली. काकांचा जीव भांड्यात पडला. ते काहीतरी सांगायला गेले, तेवढ्यात ती म्हणाली, "आधी याची नक्कल बाहेर काढू द्या, मग बोलू."

मग माझ्या शेजारी नवी जाऊ आली आणि माझ्यातलं सगळं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, तिला सांगायचं काम मला लागलं. या कामात मी अडखळले असते तर सगळंच घोटाळ्यात पडलं असतं. कपाटाचं दार उघडं, समोर टेबलफॅन, आणि शेजारी खुर्चीवर काका. ज्या टिकटिकीचा त्यांना एवढा राग, तीच ते कान टवकारून ऐकत होते. जरा खंड पडला की सूनबाईला हाक मारायचे, "अगं, ही गप्प का झाली?"

"वाचतेय ती, बाबा. तुम्ही जेवून घ्या."

"वाजायला लागली की जातो."

मशीन पुढे जिन्याखाली गेलं आणि तिथून स्टुडिओपर्यंत लांब वायर आली. रजया पलंगावरच राहिल्या.

काकू घरी आल्या त्या काठी घेऊन. नवा गुडघा दुखत नव्हता, पण एक पाय जरा उशिरा यायचा. त्या स्टुडिओत पाऊल टाकेनात. कुणी विषय काढला की म्हणायच्या, "आहे ना सगळं भरून ठेवलेलं, ते वापरा." वापरत होतेच. काकूंनी एका दिवसात टाकलेल्या त्या पावलांवर नायिका धावत होत्या, पळून जात होत्या, परत येत होत्या. वरच्या मजल्यावर काकू मात्र दिवसेंदिवस खुर्चीत बसून.

मग एका चित्रपटात घड्याळजीची म्हातारी आली. काठी टेकत दुकानात शिरणारी. काकांनी स्वतः काठी घेतली, बायकी बूट पायात कोंबले आणि लंगडून पाहिलं. दिग्दर्शिका बाई नाइलाजाने म्हणाल्या, हा तर खांद्यावर पोतं घेतलेला माणूस वाटतोय. काका पुन्हा चालले. पुन्हा पोतं. चिरंजीव तोंडावर हात धरून हसू लपवत होता. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"अहो, असं कुणी लंगडत नाही."

काकू उभ्या होत्या. त्यांनी काकांच्या हातातली काठी बाजूला ठेवायला लावली, कारण स्वतःची काठी त्यांच्याकडे होती. पडद्याकडे पाहिलं, म्हातारी दुकानात शिरेपर्यंत थांबल्या आणि चालल्या. ठक, पाऊल, जरा उशिरा दुसरं पाऊल. ठक. ती बाई दमलेली होती, पण कुणापुढे वाकणारी नव्हती, हे त्या चालीत ऐकू येत होतं. काकांनी दिवा लावला. मग म्हणाले, "चालेल. फार छान चाललीस."

काकूंना असं ऐकायची सवय नसल्यामुळे त्या म्हणाल्या, "काय?"

ती चाल मी आणि नव्या जावेने एकाच वेळी लिहून घेतली. माझं तेच शेवटचं मोठं काम. लवकरच सूनबाईने आमच्या चौपट मोठ्या दोघी आणल्या, त्यांची जोडी लावली आणि ती जोडी आमच्याच अंगणाला जोडली. मग जुन्या जोडीवरचं सगळं नव्या जोडीवर हलवायला सांगितलं. सरकत्या भिंतींची खरी गंमत मला तेव्हा कळली. स्टुडिओत काका दरवाजे आपटत होते, काकू खडीवर चालत होत्या, आणि जिन्याखाली आमचं बिऱ्हाड तुकड्यातुकड्याने शेजारच्या घरी जात होतं. कुणालाच पत्ता नाही. तुकडा गेला की मी हलकी व्हायचे. युद्धाच्या तोफा गेल्या, घरचे फोटो गेले, शेवटी काकूंची अनवाणी पावलं गेली. ती जाताना मी मुद्दाम हळू वाचली असं तुम्हाला वाटेल, तर वाटू द्या.

नवी जाऊ नक्कल ठेवायच्या कामावर गेली. मला सूनबाईने पुसून स्वच्छ केलं आणि भंगाराच्या खोक्यात ठेवणार, तोच काकांनी हात पुढे केला.

"ही बोलकी मला दे."

त्यांनी मला टेबलावर ठेवलं, नुसती वीज जोडली आणि ज्या मायक्रोफोनपासून मला आयुष्यभर दूर ठेवलं, तोच माझ्या तोंडाशी आणला. मी बोलले. पोटात काही नसताना, मन भरेपर्यंत बोलले. घड्याळजीच्या दुकानात त्यांना एक जुनं, जरा बिघडलेलं घड्याळ हवं होतं. चित्रपटात ती म्हातारी काठी टेकत आत येते ना, तेव्हा भिंतीवर जे टिकटिकतं, ती मी. सूनबाईने माझा आवाज संग्रहाच्या खोलीत, काकूंच्या पावलांशेजारी ठेवलाय. म्हणजे एकाच वेळी त्या दोन चौपट जावांच्या पोटात. त्या फार मोठ्या घरच्या आहेत, पण माझी टिकटिक त्यांना जपावीच लागते.

आता मी या फळीवर असते. वाचकहो, जोडी लावा, भिंती सरकत्या ठेवा, नक्कल बाहेर ठेवा, आणि डिस्क काढायच्या आधी पाठीवरचा नंबर वाचा. कुरकुरणाऱ्याची फार काळजी करू नका, ते बहुधा ठणठणीत असतं. गप्प झालेल्याकडे आधी बघा.

काकू रोज सकाळी स्टुडिओ उघडतात. ठक, पाऊल, जरा उशिरा दुसरं पाऊल. बूट निवडायला मांडणीपाशी येतात, माझ्या झाकणावरची धूळ बाहीने पुसतात आणि विचारतात, "काय गं, आज गप्प? बरी आहेस ना?"